एक गीत, एक वचन, एक आठवडा: ल्यूथरन मंडळीत नव्याने येणाऱ्यांसाठी

पहिल्यांदा ल्यूथरन उपासनेला, म्हणजे सोळाव्या शतकातल्या मार्टिन ल्यूथरच्या धर्मसुधारणेतून उभ्या राहिलेल्या ख्रिस्ती मंडळीच्या उपासनेला, आलेल्या माणसाची तारांबळ नेमकी कुठे उडते, हे मला चांगले ठाऊक आहे. गेली बरीच वर्षे मी अशा नव्या माणसांच्या शेजारी बसत आले आहे. सगळे एकदम उभे राहतात आणि आपण बसलेलेच असतो. पाळक एक ओळ गातात, मंडळी दुसरी ओळ गाऊन उत्तर देते, आणि आपण अजून पानच शोधत असतो. गीताचा क्रमांक सापडेपर्यंत दुसरे कडवे संपत आलेले असते. घरी जाताना मनात येते, यांना हे लहानपणापासून येते, मला काही जमायचे नाही.

जमते. सगळे एका दमात शिकायला गेलात तर मात्र जमत नाही. म्हणून मी प्रत्येकाला एकच वाट सांगते: आठवड्याला एक गीत आणि एक शास्त्रभाग धरा, बाकीचे सध्या कानावरून जाऊ द्या. ल्यूथरन उपासनेत गीत म्हणजे दोन कार्यक्रमांमधली मोकळी जागा भरण्याची सोय नव्हे. मंडळीने आपल्याच तोंडाने केलेला तो उपदेश असतो. एक गीत नीट हाती लागले की ते ज्या वचनातून आले ते वचन भेटते, ते वचन ज्या रविवारचे आहे तो रविवार कळतो, आणि ते गीत आपल्याबरोबर गाणारी माणसे ओळखीची होऊ लागतात.

पायरी १. शनिवारी संध्याकाळी: उद्याचा रविवार कोणता?

ख्रिस्ती उपासनावर्षात प्रत्येक रविवारला जागा आहे. वर्ष सुरू होते ते नाताळापूर्वीच्या चार रविवारांच्या आगमनकाळाने. मग नाताळ, प्रकटीकरणाचा सण, राखेच्या बुधवारपासून रविवार वगळता चाळीस दिवसांचा, पश्चात्तापाचा लेंटकाळ, पवित्र सप्ताह, पुनरुत्थानाचा सण आणि त्यानंतरचे पेंटेकॉस्टपर्यंतचे, म्हणजे पवित्र आत्मा उतरल्याच्या सणापर्यंतचे, पन्नास दिवस. पुढचे जवळजवळ अर्धे वर्ष मोठ्या सणांविना जाते. वेदीवरच्या कापडाचा रंग पाहिला तरी आपण कुठे आहोत ते कळते. लेंटमध्ये जांभळा असतो, आगमनकाळात निळा किंवा जांभळा, नाताळ आणि पुनरुत्थानाच्या सणाला पांढरा, पेंटेकॉस्टला आणि ३१ ऑक्टोबरच्या धर्मसुधारणा दिनाला लाल, आणि त्या लांबच लांब काळात हिरवा.

शास्त्रपाठही ठरलेले असतात. पाळक आपल्या मनाने दर आठवड्याला उतारा निवडतात असे सहसा होत नाही. काही मंडळ्या जुनी, एका वर्षाची वाचनमाला वापरतात. तिच्यात दर वर्षी त्या रविवारी तेच शुभवर्तमान येते. बऱ्याच मंडळ्या तीन वर्षांची वाचनमाला वापरतात. तिच्यात एक वर्ष मत्तयाचे, एक मार्काचे, एक लूकाचे, आणि योहान तिन्ही वर्षांत, विशेषतः सणांच्या आसपास, विखुरलेला असतो. वाचने साधारणपणे अशी: जुना करार, एक स्तोत्र, एखादे पत्र आणि शुभवर्तमान. उद्याची वाचने कोणती हे बहुधा मंडळीच्या पत्रकात आधीच छापलेले असते. नसेल तर सरळ विचारा.

शनिवारी एवढेच करायचे: शुभवर्तमानाचा भाग एकदा मनात वाचायचा आणि एकदा मोठ्याने. स्वतःला एकच प्रश्न विचारायचा, इथे येशू कोणाला काय देतो? टीकाग्रंथ उघडू नका. दुसऱ्या दिवशी तोच उतारा वाचला जाईल तेव्हा तो ओळखीचा वाटेल, आणि पहिल्या महिन्यात तेवढे पुरते.

पायरी २. रविवारी: कुठे बसायचे आणि काय ऐकायचे

नवे लोक शेवटच्या बाकावर बसतात. तसे करू नका. तिसऱ्या-चौथ्या रांगेत बसा, म्हणजे पुढच्यांना उभे राहताना पाहून तुम्हालाही उभे राहता येते. शक्य तर एखाद्या वयस्कर माणसाशेजारी जागा घ्या. ती माणसे पान न शोधता गातात, आणि तुमचे पुस्तक चुकीच्या पानावर असेल तर हळूच हात पुढे करून उलटून देतात.

उपासनेचा क्रम पहिल्यांदा लांबलचक वाटतो, पण त्यामागची रचना साधी आहे. जर्मन भाषेत उपासनेला जो शब्द आहे त्याचा शब्दशः अर्थ 'देवाची सेवा' असा होतो, आणि ल्यूथरन शिकवण त्यातला पहिला अर्थ असा घेते की देव आपली सेवा करतो. तो बोलतो, क्षमा करतो, भरवतो. मग आपण उत्तर देतो: कबुलीने, गाण्याने, प्रार्थनेने, अर्पणाने. क्रमातली प्रत्येक गोष्ट ऐकताना मनाशी विचारा, आत्ता देतो आहे कोण, देव की आम्ही? दोन-तीन रविवारांत सगळा क्रम आपोआप उलगडतो.

सुरुवातीला पापकबुली आणि क्षमेची घोषणा. ही घोषणा नीट ऐका. पाळक तिथे 'देव तुम्हांला क्षमा करो' अशी नुसती इच्छा व्यक्त करत नाहीत, ख्रिस्ताच्या वतीने क्षमा झाल्याचे सांगतात. मग दयेची हाक, 'हे प्रभू, दया कर'. ही हाक इतकी जुनी आहे की तिचे ग्रीक शब्द, 'किरिए एलेइसोन', आजही अनेक ठिकाणी तसेच गातात. त्यानंतर गौरवगान, वाचने, उपदेश, विश्वासांगीकार (आपण काय मानतो ते सगळ्यांनी एकत्र म्हणणे), सर्वांसाठी प्रार्थना, अर्पण, प्रभुभोजन, आशीर्वाद. लेंटमध्ये गौरवगान गळते आणि बऱ्याच मंडळ्या हालेलूयाही म्हणत नाहीत. तेव्हा एखाद्या रविवारी काहीतरी राहून गेल्यासारखे वाटले तर ती कोणाची चूक असेलच असे नाही.

दुसऱ्या ल्यूथरन मंडळीत गेलात तर चाली, वस्त्रे, उभे राहण्याच्या जागा वेगळ्या दिसतील. त्याने गोंधळू नका. २५ जून १५३० रोजी सम्राटापुढे सादर झालेल्या ऑग्सबर्गच्या विश्वासकबुलीचे, म्हणजे ल्यूथरन शिकवणीच्या मूळ जाहीरनाम्याचे, सातवे कलम स्पष्ट म्हणते की मंडळीच्या ऐक्यासाठी शुभवर्तमानाची शिकवण आणि बाप्तिस्मा, प्रभुभोजन या संस्कारांचे योग्य आचरण यांवर एकमत पुरेसे आहे. माणसांनी घातलेल्या रीती सगळीकडे सारख्याच असल्या पाहिजेत असे नाही.

क्रमातले एक गीत मात्र हेरून ठेवा. उपदेशाच्या आगेमागे जे गीत येते ते बहुधा त्या दिवसाच्या शुभवर्तमानाशी जोडून निवडलेले असते. त्याला दिवसाचे गीत म्हणतात. तुमचे आठवड्याचे गीत तेच. क्रमांक लिहून घ्या.

पायरी ३. गीतपुस्तक उघडताना

इथे मी जरा जास्त वेळ घेणार आहे, कारण सगळ्यात जास्त अडते ते इथेच, आणि सगळ्यात जास्त मिळते तेही इथेच.

गीताच्या वर किंवा खाली बारीक अक्षरात काही माहिती असते: शब्द कोणाचे, चाल कोणाची, साल कोणते, चालीचे नाव काय, आणि '८.७.८.७' असे काही आकडे. आकडे म्हणजे प्रत्येक ओळीतली अक्षरसंख्या. मोठ्या अभंगाच्या चरणांत सहा, सहा, सहा, चार अशी अक्षरे मोजतात ना, तशीच ही मोजणी. आकडे जुळणारी दोन गीते एकमेकांच्या चालीवर गाता येतात. म्हणूनच कधीकधी शब्द अनोळखी आणि चाल ओळखीची असे होते. मराठीत उतरलेल्या गीतांत एक अडचण येते. चाल आधी दुसऱ्या भाषेच्या आघातांवर बेतलेली असल्याने एखादे ऱ्हस्व अक्षर लांब स्वरावर ताणले जाते आणि शब्द कानाला परका वाटतो. उपाय असा की गाण्याआधी सगळे गीत एकदा गद्यासारखे, बोलल्यासारखे वाचायचे. अर्थ एकदा कानात बसला की ताणलेल्या स्वरातही तो हरवत नाही.

आता चालीबद्दल. जुन्या ल्यूथरन गीतांपैकी पुष्कळांचा साचा एकच आहे. पहिल्या दोन ओळींना जी चाल, तीच पुढच्या दोन ओळींना, आणि मग उरलेल्या ओळी वेगळ्या चालीने खाली उतरतात. म्हणजे ऑर्गनवर पहिल्या दोन ओळी लक्षपूर्वक ऐकल्या तर चार ओळी तुमच्या झाल्या. पहिले कडवे ऐका, दुसरे गुणगुणा, तिसऱ्यापासून गा. श्वास ओळीच्या शेवटी घ्या, मधे नको. आवाज चांगला आहे की नाही हा विचार सोडून द्या. मंडळीचे गाणे प्रामुख्याने एकसुरात असते आणि त्या सुरात प्रत्येक आवाजाला जागा आहे.

आपल्या कानाला सगळ्यात वेगळे काय वाटेल, तर यांत बहुधा ध्रुपद नसते. आपली भक्तिगीते दर कडव्यानंतर ध्रुपदावर परत येतात, श्रोता तिथे विसावतो. ही गीते परत येत नाहीत, पुढेच जातात. पहिल्या कडव्यात संकट, दुसऱ्यात ख्रिस्त, तिसऱ्यात लढा, चौथ्यात आशा, अशी कथा चालू असते. त्यामुळे वेळ वाचवायला मधली कडवी गाळली की अर्थच तुटतो. पुढे कधी गीते निवडण्याचे काम तुमच्याकडे आले तर एवढे ध्यानात असू द्या: दुसरे कडवे गाळलेत, तर पुष्कळदा ख्रिस्तालाच गाळून बसाल.

हे गाणे सुरू कसे झाले ते थोडक्यात सांगते. १ जुलै १५२३ रोजी ब्रसेल्समध्ये धर्मसुधारणेची शिकवण सोडायला नकार दिलेल्या दोन तरुण मठवासींना जाळण्यात आले. मार्टिन ल्यूथरने त्यांच्यावर एक कथागीत रचले. त्याच्या गीतलेखनाची सुरुवात साधारण तिथून धरतात. त्याच वर्षाच्या अखेरीस त्याने आपला मित्र गेओर्ग श्पालाटिन याला लिहिले की स्तोत्रांची लोकभाषेत गीते करायला आपल्याला कवी हवे आहेत, पण शब्द दरबारी थाटाचे नकोत, साध्या माणसांना कळतील असे हवेत. १५२४ सालचे पहिले ल्यूथरन गीतपुस्तक म्हणजे अवघ्या आठ गीतांची पुस्तिका. त्यातली चार गीते ल्यूथरची, तीन पाउल श्पेराटुसची. त्याच साली विटेनबर्गमध्ये योहान वाल्टरने वृंदगायनाचे पुस्तक काढले, आणि एर्फुर्टमध्ये छापलेल्या एका संग्रहात एलिझाबेथ क्रुत्सिगर या स्त्रीचे ख्रिस्तगीत आले. ते आजही गायले जाते. मला या नोंदीचे फार अप्रूप वाटते. मंडळीच्या तोंडी गाणे परत आले, आणि पहिल्याच वर्षी त्यात एका बाईचे शब्द होते.

पहिला अभ्यास म्हणून स्तोत्र ४६ घ्या. अकराच ओव्या आहेत. त्यावर ल्यूथरने रचलेले, देव हाच आपला बळकट गड असे सांगणारे गीत जवळजवळ प्रत्येक ल्यूथरन गीतपुस्तकात सापडते. दोन्ही शेजारी ठेवा, हातात पेन्सिल घ्या. स्तोत्रातले जे गीतात आले त्याखाली रेघ मारा, आणि जे स्तोत्रात नसून गीतात आहे त्याला गोल करा. तुम्हाला दिसेल की हे भाषांतर नाही. स्तोत्रातले थरथरणारे डोंगर आणि खवळलेला समुद्र गीतात नाहीत, त्यांच्या जागी माणसाचा जुना वैरी, सैतान, आला आहे. स्तोत्रात देवासाठी 'सेनाधीश परमेश्वर' ही उपाधी येते. गीताच्या दुसऱ्या कडव्यात, आपल्यासाठी लढणारा हा कोण, असा प्रश्न येतो आणि उत्तर मिळते येशू ख्रिस्त. तो सेनाधीश तोच. शेवटच्या कडव्यात घर, मान, मुलेबाळे गेली तरी वचन आणि राज्य उरते असे म्हटले आहे. इतकी कठीण ओळ मंडळी एकत्र गाते म्हणूनच गाऊ शकते. एकट्याने ती म्हणायला मला आजही धीर गोळा करावा लागतो.

स्तोत्र आणि गीत असे ताडून पाहण्याची सवय लागली की पुढचे काम सोपे होते. स्तोत्र १३० आणि त्यावरचे खोल संकटातून मारलेल्या हाकेचे गीत ही दुसरी उत्तम जोडी.

गीतकारांची चरित्रे सगळी वाचायची गरज नाही, पण नावाखालचे साल पाहायची सवय ठेवा. मार्टिन रिंकार्ट हा सॅक्सनीतल्या आयलेनबुर्ग गावचा पाळक. तीस वर्षांचे युद्ध (१६१८ ते १६४८) चालू होते, गावात निर्वासितांची गर्दी होती. १६३७ मध्ये साथ आली. बाकीचे पाळक गेले किंवा मेले. त्याने त्या वर्षात चार हजारांहून अधिक माणसांना मूठमाती दिली, त्यात त्याची स्वतःची पत्नीही होती. देवाचे आभार मानणारे त्याचे तीन कडव्यांचे गीत त्याच युद्धकाळातले आहे. पाउल गेरहार्टने पाच मुलांपैकी चार गमावली, आणि विश्वासाच्या शांतीची त्याच्याइतकी गीते क्वचितच कोणी लिहिली असतील. हे कळल्यावर आनंदाचे गीत वरवरच्या उत्साहाने गाता येत नाही आणि गाऊही नये.

एखादे गीत, एखादे वाचन आणि एखादा रविवार कसे एकत्र गुंफले जातात हे ऐकायचे असेल तर योहान सेबास्टियन बाखकडे जा. तो १७२३ पासून १७५० मध्ये मरेपर्यंत लाइपझिगमध्ये मंडळ्यांच्या संगीताची जबाबदारी सांभाळत होता आणि रविवारच्या वाचनांवर त्याने रचलेल्या सुमारे दोनशे कांटाटा (गायक आणि वाद्यवृंदासाठीच्या रचना) आज उपलब्ध आहेत. फिलिप निकोलाय या पाळकाने साथीच्या मरणकल्लोळात लिहिलेले आणि १५९९ मध्ये छापलेले तीनच कडव्यांचे एक गीत आहे, पहारेकऱ्यांच्या हाकेचे. मत्तय २५ मधल्या दहा कुमारींचा दाखला त्याचा आधार. बाखने १७३१ मध्ये त्यावर कांटाटा रचली ती त्रैक्याच्या सणानंतरच्या (हा सण पेंटेकॉस्टनंतरच्या रविवारी येतो) सत्ताविसाव्या रविवारसाठी, आणि हा रविवार पुनरुत्थानाचा सण फार लवकर आला तरच पंचांगात उगवतो. आधी मत्तय २५ ची पहिली तेरा वचने वाचा, मग गीताचे शब्द, मग कांटाटा ऐका. क्रम बदलू नका.

पायरी ४. सोमवार ते शुक्रवार: वचनाजवळ पंधरा मिनिटे

रविवारचे शुभवर्तमान आणि दिवसाचे गीत, दोन्ही आठवडाभर तेच ठेवा. रोज नवा उतारा घेण्याचा मोह होतो, पण तोच उतारा पाच दिवस वाचणाऱ्याला जे दिसते ते पाच उतारे वाचणाऱ्याला दिसत नाही.

पद्धत मी ल्यूथरचीच देते. त्याचा न्हावी पेटर याने त्याला विचारले, प्रार्थना करायची कशी? ल्यूथरने १५३५ मध्ये उत्तरादाखल एक छोटे पुस्तक लिहिले. त्यात तो सांगतो की तो आज्ञेच्या किंवा वचनाच्या प्रत्येक ओळीतून चार पदरांची माळ करतो: ही ओळ मला काय शिकवते, हिच्यामुळे मी कशाचे आभार मानतो, ही मला कशाची कबुली द्यायला लावते, आणि मी काय मागतो. त्याने न्हाव्याला त्याच्याच धंद्यातला दाखलाही दिला. चांगला न्हावी वस्तऱ्यावरून आणि केसांवरून लक्ष हलवत नाही. भलतीकडे बघत गप्पा मारत बसला तर गिऱ्हाइकाचे नाक कापेल. प्रार्थनेतही मन असेच एका जागी हवे. आणि पुढे एक फार मोलाची सूचना: मधेच एखादा चांगला विचार येऊ लागला तर माळ तिथेच सोडा, गप्प बसा आणि ऐका.

मार्क ४:३५-४१ घेऊन करून पाहू. वादळ, तारवात पाणी, आणि येशू उशीवर झोपलेला. शिष्य त्याला उठवून म्हणतात, आम्ही बुडतो आहोत याची तुम्हांला काळजी नाही काय?

शिकवण: ही ओळ प्रार्थनेसारखी दिसत नाही, तक्रारीसारखी दिसते. तरी ती योग्य माणसाकडे केलेली आहे, आणि येशू तिच्यामुळेच उठतो. आभार: तो तारवातच होता, किनाऱ्यावर उभा राहून सूचना देत नव्हता. कबुली: इथे प्रत्येकाने स्वतःचे लिहायचे. माझी कबुली बहुधा हीच असते की मी पाणी उपसत बसते आणि त्याला उठवतच नाही. मागणे: आज ज्या एका गोष्टीने माझे तारू भरते आहे तिचे नाव घेऊन, एका वाक्यात.

एवढेच. वहीत चार ओळी होतात.

नव्या माणसांच्या हातून एक चूक वारंवार होते. ते प्रत्येक उताऱ्यातून 'म्हणून आपण असे वागले पाहिजे' एवढाच बोध काढतात. वादळाच्या गोष्टीतून 'आपण घाबरू नये' हा बोध काढला की पुढच्या वादळात घाबरण्याबरोबर अपराधी वाटणेही वाढते. ल्यूथरन वाचनात दोन प्रश्न वेगळे ठेवतात. हे वचन माझ्याकडून काय मागते आणि माझे काय उघडे पाडते, हा नियमशास्त्राचा प्रश्न. ते मला काय देते, हा शुभवर्तमानाचा. दोन्ही विचारा, आणि थांबा ते दुसऱ्यावर.

आणखी एक गोष्ट ल्यूथरने १५३९ मध्ये, आपल्या जर्मन लेखनाच्या प्रस्तावनेत, स्तोत्र ११९ वरून सांगितली. शास्त्र शिकण्याची साधने तीन: प्रार्थना, मनन आणि संकटातली कसोटी. मनन म्हणजे त्याच्या लेखी डोळे मिटून बसणे नव्हे. शब्द तोंडाने पुन्हा पुन्हा उच्चारणे, वाचणे, घासून पाहणे. तेव्हा मोठ्याने वाचा. आणि तिसऱ्या साधनाला घाबरू नका. आठवडा वाईट गेला म्हणून मनन चुकले, असे नसते. पुष्कळ वचने वाईट आठवड्यातच उघडतात.

सकाळी वेळच नसेल तर ल्यूथरच्या १५२९ च्या लहान कॅटेकिझममधला, म्हणजे प्रश्नोत्तरांतून विश्वास शिकवणाऱ्या त्याच्या पुस्तकातला, क्रम धरा: क्रूसाची खूण, विश्वासांगीकार, प्रभूची प्रार्थना, हवी तर त्याला जोडलेली सकाळची छोटी प्रार्थना. दोन-तीन मिनिटे लागतात. त्यानंतरची सूचना मला फार आवडते: एखादे गीत गात आनंदाने कामाला जा. तुमचे आठवड्याचे गीत इथे उपयोगी पडते. रोज एक कडवे म्हटले तरी शुक्रवारपर्यंत ते बरेचसे पाठ होते.

पायरी ५. प्रभुभोजनाआधी पाळकांशी बोला

ल्यूथरन शिकवण अशी की ख्रिस्ताचे खरे शरीर आणि रक्त भाकरी व द्राक्षारसात, त्यांच्यासह आणि त्यांच्याखाली दिले जाते. कोणी केव्हा सहभागी व्हावे याबाबत मंडळ्यांच्या रीती वेगवेगळ्या आहेत. काही ठिकाणी बाप्तिस्मा झालेल्या सर्वांना बोलावतात, काही ठिकाणी आधी शिक्षण आणि दृढीकरण (बाप्तिस्म्याच्या विश्वासाची मंडळीपुढे स्वतः दिलेली कबुली) लागते. म्हणून पहिल्या-दुसऱ्या आठवड्यातच पाळकांना वेळ मागा. पुष्कळ मंडळ्यांत हात छातीशी जोडून पुढे गेल्यास आशीर्वाद देतात, तेही विचारून घ्या. बसून राहिलात तरी अपमान कोणाचा होत नाही.

शिक्षणवर्ग असेल तर नक्की जा. लहान कॅटेकिझमचे मुख्य भाग सहा: दहा आज्ञा, विश्वासांगीकार, प्रभूची प्रार्थना, बाप्तिस्मा, पापकबुली, प्रभुभोजन. प्रत्येक ठिकाणी 'याचा अर्थ काय?' असा साधा प्रश्न, आणि घरातल्या लहानांनाही सांगता येईल असे उत्तर. हे पुस्तक सॅक्सनीतल्या मंडळ्यांना भेटी देताना लोकांना काहीच शिकवले गेलेले नाही हे पाहून व्यथित झालेल्या ल्यूथरने लिहिले. तेव्हा आपल्याला काही येत नाही म्हणून लाजू नका. हे पुस्तक ज्यांना काही येत नव्हते त्यांच्यासाठीच आहे.

अर्पणाबद्दल थोडेच. थाळी समोर आली की नव्या माणसाचा चेहरा ओशाळतो. तुम्ही पाहुणे आहात, थाळी पुढे सरकवा.

पायरी ६. उपासना संपल्यावर दहा मिनिटे थांबा

शेवटच्या गीतानंतर लगेच निघून जाणारा माणूस वर्षभर येऊनही नवाच राहतो. दहा मिनिटे थांबा. दर रविवारी एक नाव शिका आणि पुढच्या रविवारी ते नाव घेऊन बोला. ही नुसती शिष्टाचाराची गोष्ट मानू नका. १५३७ च्या श्माल्काल्ड लेखांत, म्हणजे ल्यूथरने लिहिलेल्या विश्वासाच्या कलमांत, शुभवर्तमान आपल्याला कोणकोणत्या मार्गांनी साहाय्य करते हे सांगताना उपदेश, बाप्तिस्मा, प्रभुभोजन आणि पापक्षमा देण्याच्या अधिकाराबरोबरच बंधुजनांचे परस्पर संभाषण आणि सांत्वन यांचाही समावेश केला आहे. दाराशी उभे राहून कोणी विचारले, आई कशी आहे आता, तर तेही त्यातच येते.

दुसऱ्या महिन्यात आठवड्यातली एक गोष्ट जोडा, एकच. शास्त्राभ्यास असेल तर तो, नाहीतर गायनवृंदाचा सराव. गायनवृंदाला चांगल्या आवाजाइतकीच वेळेवर येणाऱ्या माणसांची गरज असते, आणि गीते शिकण्याचा याहून जवळचा रस्ता नाही. शास्त्राभ्यासात पहिले काही आठवडे गप्प बसलात तरी चालते, पण वहीतली एखादी ओळ वाचून दाखवायला विचारले तर दाखवा. तुमची कच्ची ओळ जुन्या सभासदाला पुष्कळदा ताजी वाटते.

आणि जेव्हा कोणी आजारी माणसाला भेटायला निघेल, तेव्हा बरोबर जा. आमच्या मंडळीतल्या एका आजींच्या घरी मी अशी जात असे. त्यांची स्मृती पार गेली होती. मुलीला त्या ताई म्हणत, मला रोज नव्याने विचारत, तू कोण? पण गीताची पहिली ओळ सुरू केली की पुढची सगळी कडवी त्या म्हणत, क्रमाने, एकही शब्द न चुकता. मधे मीच अडखळले तर थांबून माझ्याकडे पाहत.

अशा भेटीला जाताना काय करायचे ते सांगते. आधी विचारून जा. वीस मिनिटांहून जास्त बसू नका. रविवारचे शुभवर्तमान सावकाश वाचा, सगळे नको, पाच-सहा ओव्या. गीत पुस्तकातल्या पट्टीपेक्षा खाली धरा, अंथरुणावरच्या माणसाचा श्वास आखूड असतो. दोनच कडवी घ्या, आणि त्यातले एक शेवटचे असू द्या. प्रभूची प्रार्थना त्यांना जे जुने शब्द पाठ आहेत त्याच शब्दांत म्हणा, तुमच्या आवडत्या भाषांतरात नको. पहिल्या भेटीत तुम्ही काही बोलला नाहीत तरी चालेल. पुस्तक मोठ्या अक्षरांचे घ्या आणि त्यांच्या डोळ्यांसमोर नीट धरा, पाने त्या स्वतः उलटतील.